साधंच, चार माणसांचं

अहो,

"यंदा सण अगदी साधा करू, चार माणसं बोलावू, बस्स," असं परवा तुम्हीच म्हणालात. मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात, आणि तुमची ती चार माणसं जिना भरून वर आली होती. त्या चारांत मी नव्हतेच. सगळे हात धुऊन उठल्यावर मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवले, जे काही उरलं होतं ते.

म्हणून यंदा तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. मोजून चार ताटं बाहेर काढून ठेवली आहेत. बाकीची कपाटात आहेत, कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तांदूळ डब्यात, बटाटे टोपलीत. लायटर कुठे असतो ते शोधा, घर तुमचंच आहे.

नणंदबाई सहकुटुंब निघाल्यात. भाऊजींकडचे सगळे येतायत, तुमचे साहेबसुद्धा. "यंदा हे स्वतःच्या हाताने रांधणार आहेत, उपाशी पोटी या," असा आग्रह मीच सगळ्यांना फोन करून केलाय.

मी ताईकडे आहे. किल्लीसाठी फोन करू नका. ताई उचलेल आणि सांगेल, "ती जेवायला बसलीय."