जिन्याच्या मीटरवरची स्ट्रॉबेरी

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. मी आता वराळ्याला फ्लॅटमध्ये राहते आणि मागच्या खोलीत स्ट्रॉबेरी लावते. खिडकीला काळा कागद, मांडणीवर कुंड्या, वर गुलाबी उजेडाचे दिवे. खत घरचंच, गांडूळपाणी आणि गुळाचं द्रावण. आत मधमाशी नाही, म्हणून फुलांवरून मऊ ब्रश मीच फिरवते. डब्यावर ‘सेंद्रिय, शुद्ध’ असं लिहिते. बिल्डिंगमधल्या बायका मुलांसाठी घेऊन जातात.

दिवे दिवसाचे चौदा तास लागतात. पहिलं बिल बघून मी घाबरले. जिन्यातल्या दिव्यांची, सोसायटीच्या मीटरवरची वायर माझ्याच भिंतीतून जाते. तिला मी जोड दिला. तुम्ही लाइनमन, जोड कसा घालायचा ते तुम्हीच टाकव्याच्या घरी ओट्यावर बसवून शिकवलं होतं. टेप गुंडाळून मी दिवे सुरू केले. मामाचं लग्न तेव्हा आठवायला हवं होतं. संध्याकाळची पंगत बसलीय, खांबावर टाकलेला आकडा तुम्हाला दिसतो, तुम्ही ताटावरून उठून शिडी मागता. मामा हात जोडतो, “भावजी, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या.” तुम्ही म्हणता, “घरचं हाय म्हनून तर मीच काढतो.” मांडवात अंधार होतो. मी बारा वर्षांची, सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमी आमची लाज घालवली.” तुम्ही शिडीवरून माझ्याकडे बघितलंत आणि वायर गुंडाळत खाली उतरलात.

सहा महिन्यांनी सोसायटीचं वाढलेलं बिल कमिटीच्या लक्षात आलं. संशय वॉचमनकाकांवर गेला. लोहगडवाडीचे, जिन्याखालच्या खोलीत एकटे राहायचे. मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, “खोलीत विजेची शेगडी चालवता ना?”

“न्हाई साहेब. मी च्यासुदिक टपरीवर घेतो.” मग ते माझ्याकडे वळले. “ताई, तुमी येता-जाता बगता. सांगा की यास्नी.”

मी म्हणाले, “मला काही कल्पना नाही.”

त्यांना काढलं. निघाले त्या सकाळी मी त्यांच्या हातात स्ट्रॉबेरीचा डबा ठेवला. “तुमी तरी आलात,” म्हणाले, आणि तो पिशवीत कपड्यांच्या वर जपून ठेवला.

त्याच दुपारी मी जोड काढून टाकला. पुढचं बिल कमी आलं, तसे सेक्रेटरी सगळ्यांना म्हणाले, “बघा, तोच होता.” मी तिथंच उभी होते. लोहगडवाडी काही लांब नाही, तासाभरात जाता येतं. कमिटीला सांगायचं तर एक जिना उतरायचाय. यातलं मी काहीच केलेलं नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता कुणाला सांगणार नाही.