पीयूषच्या स्वेटरचा गळा

माय,

पाया पडते. वैशाली नगरात आमी सारे मजेत आहोत. हे फोनवर सांगितलं असतं, पण दादा स्पीकर लावते आन् गावभर होते. म्हणून कागद.

माही लहान जाऊ वंदना तुले ठाऊकच आहे. तिच्या पीयूषचा निळा स्वेटर मी विणला होता. रिसाली वस्तीतल्या हळदीकुंकवात बायांनी विचारलं, तर माह्यासमोर म्हणते, "मीच विणला!"

मग पीयूषच्या वाढदिवसासाठी वंदना स्वतःच दुसरा विणाले बसली. पाठ-पोट जमलं, गळा जमेना, तर माह्याच दारात आली. नव्वद टाके लागतेत, मी पन्नास सांगितले.

वाढदिवसाले त्याच बायांसमोर पीयूषले घालून राहिली होती, तर पोराचं डोकं गळ्यातच अडकलं. पीयूष रडला, तेवढं मले लागलं. पण माय, मी पोट दुखेस्तोवर हासली.

यांची डबल ड्युटी सुरूच आहे. दिवसभर घरात मी आन् माह्या सुयाच. तुये गुडघे कसे आहेत?

आता वंदना, टाके आपलेच चुकले समजून, तोच स्वेटर उसवून पूर्ण बाह्यांचा करणार म्हणते. काल गळा विचारला, मी बरोबर सांगितला. बाह्या विचाराले उद्या येणार आहे, तेवढीच घरात सोबत.

तुयी,
निशा