चाकाखालचे दगड

१९ जाने., सोम.
शाळेत रस्ता सुरक्षेची शपथ घेतली. चौथीतला एक जण हात पुढे धरूनच म्हणाला, "मॅडम, तुम्हना ट्रॅक्टरवर तं टेप कितला जोरमा वाजस." वर्ग हसला, मीही हसले. पण ह्यांच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागून लाल रेडियम आहे, हेही त्याला ऐकवलं. ऊस वाहणाऱ्यांत ह्यांच्याइतका जपून चालवणारा आमच्या गावात दुसरा नाही. हे बायको म्हणून लिहीत नाही. बायको म्हणून लिहायचं तर वही पुरणार नाही.

हे आज उशिरा आले. प्रकाशा गावाच्या रस्त्याला, चिंचेच्या वळणावर मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. चाकांना दगड लावून तिथेच बदलला म्हणे. भाकरी, वांग्याची भाजी. जेवता जेवताच पेंगायला लागले.

२० जाने., मंगळ.
रफीकभाई पडले. आमच्या शाळेचे गणवेश शिवतात ते. मोटरसायकलवरून गावोगाव मापं घेत फिरणारा माणूस. काल अंधार पडल्यावर, त्याच वळणावर. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार. नंदुरबारला नेलंय.

दूधवाल्याकडून कळलं तसे हे चहा टाकून गेले. परत आले तेव्हा सदऱ्याला माती. विचारलं तर "काही नही." शेवटी संध्याकाळी केळीच्या बांधावर बोलले. टायर बदलला, ट्रॅक्टर काढला, दगड रस्त्यातच राहिले. सकाळी जाऊन ते कडेच्या चारीत फेकले.

रफीकभाईंना उचलणाऱ्यांनी अंधारात काही पाहिलं नाही. आणि आज तिथे पाहायला काही उरलं नाही. मला भीती वाटतेय.

२१ जाने., बुध.
भांडण. ह्यांचं एकच, "समदाच तसंच करतस."

करतात खरे. गाडी बंद पडली की चाकाखाली दगड, दुरुस्त झाली की गाडी पुढे, दगड जागेवर. किती वर्षं स्कूटीवरून मी ते चुकवतेय आणि ठेवणाऱ्यांचा उद्धार करतेय. त्यात आमचेही असतील, हे कधी डोक्यात आलं नाही.

"मी काय मुद्दाम सोडात का?"
"सोडलेत ना पण."
"आते सांगीसन त्याना पाय जुडाव शे का?"

मी आणखीच चिडले. भाजी करपली, तीच वाढली.

२३ जाने., शुक्र.
मी दवाखान्यात गेले होते. हे तिथेच असतात. रक्त दिलं, औषधांसाठी धावपळ करतात, रफीकभाईंच्या बायकोला, शमीमभाभींना, घरचा डबा पोचवतात. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसवलाय. भाभी माझा हात धरून म्हणाली, "सगा भाऊ इतलं करस नही." हे खिडकीकडे बघत राहिले.

रफीकभाई शुद्धीवर आहेत. दगड होता, दगड होता, एवढंच म्हणतात. त्यांचा थोरला भाऊ कॉटपाशीच कुजबुजला, "मी सकाळे जाईसन उनू. तठे खडा बी नही." मग मला सांगू लागला, याला गाडीवर फोनवर बोलायची सवय आहे. रफीकभाईंनी ऐकलं. डोळे मिटून घेतले.



२६ जाने., सोम.
झेंडावंदन. शाळा समितीचे अध्यक्ष भाषणात घसरले. म्हणाले, रस्त्यावर लक्ष नसलं की काय होतं ते आपल्या टेलर मास्तरांकडे बघा. पोरांनी नवे गणवेश घातलेले, त्यांनीच शिवलेले. भाषण संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर स्वतःचा इतका राग आला की जेवले नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अध्यक्षले काय कयस?" मी म्हटलं, त्यांना कळत नाही, तुम्हाला कळतं ना?

२९ जाने., गुरु.
हे पुन्हा ट्रॅक्टरवर. सुताराकडून लाकडी ओट करून घेतलेत, चाकाखाली लावायचे ठोकळे. दोरीने ट्रॉलीलाच बांधलेत. विसरले तरी मागे फरफटत येतील, राहायचे नाहीत. शिवाय रस्त्यात कुणाचेही दगड दिसले की थांबतात आणि कडेला टाकतात. मागचे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवतात. कारखान्यावर चेष्टा चाललीय, जगनभाऊंनी रस्ता झाडायचं कंत्राट घेतलंय म्हणून.

खोटं कशाला, मला बरं वाटलं. पण ज्याला सांगायला हवं तो एकच माणूस, आणि त्याला सोडून बाकी सगळं चाललंय.

१ फेब्रु., रवि.
रफीकभाई घरी आलेत. मी एकटीच जाऊन आले. मोटरसायकल विकायला काढलीय. डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत, रफीकभाईंचा विश्वास नाही. "मॅडम, जो दगड तठे नव्हता, तो माले दिखना. मन्हा डोयासना काय भरोसा? उद्या कोन्हं पोरगं मन्हा चाकखाले येवाव." पाय बरा झाला तरी फिरणार नाहीत. दुकानात येईल तेवढंच शिवणार. भाभी शेजारी बसून कांदा चिरत होती. तिलाही तेच वाटतं, फोन, नाहीतर डोळे.

जिभेवर आलं होतं. म्हटलं, ह्यांनी स्वतःच सांगायला हवं. हे खरं कारण की मला सोयीचं कारण, माहीत नाही.

घरी आल्या आल्या ह्यांना सगळं सांगितलं. रफीकभाई गाडी विकतायत हे ऐकून हातातलं काम टाकलं. म्हणाले, मंगळवारी दोघं जाऊ.

३ फेब्रु., मंगळ.
गेलो. भाभीने चहा केला. थोरला भाऊही होता. वाटेत हे दोनदा गाडी थांबवून पाणी प्यायले होते. आत बसल्यावर कपाकडे बघतच म्हणाले,
"रफीकभाई, तठे दगड व्हता."

रफीकभाई उशीवरून उठायला गेले. भाभीने धरलं. "आयक," तिला म्हणाले, भावाला म्हणाले, "आयका. जगनभाऊ सांगतस, व्हता." रडायलाच लागले. भाऊ खाली मान घालून म्हणाला, चुकलं माझं. भाभीने पदर डोळ्यांना लावला. गाडी आता विकायची नाही. एवढा आनंद त्या घरात मी ईदलाही पाहिला नव्हता. कुणाचा दगड, हे कुणी विचारलंच नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे चहा पीत होते.

निघताना रफीकभाईंनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. "तुम्ही तो दगड दखा म्हणून. नही तं मी येडा ठरतू." भाभी दारापर्यंत आली. म्हणाली, अल्लाने तुमच्या रूपात साक्षीदार पाठवला.

घरी आल्यापासून हे अंगणात ट्रॅक्टरपाशी बसलेत. मी विचारलं, बाकीचं कधी सांगणार? म्हणाले, "आते कसं सांगू?"

काल सांगणं सोपं होतं. आज त्या घरात ह्यांच्याइतका मोठा माणूस कोणी नाही.