'नको' म्हणणाऱ्या मुलांची पंगत

नाहूर, रविवार

प्रिय श्रुतिका,

अनेक आशीर्वाद. किसुमूहून तू पाठवलेली चित्रफीत आम्ही दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लावून पाहिली. सोबतच्या मजकुरात दोन अनुस्वार गळले आहेत आणि एके ठिकाणी 'मी बोलली' असे आहे. ज्याचे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले, त्याच्या नातीने 'मी म्हणाले' असे लिहावे. एरवी मी तांबड्या शाईने खुणा करून मजकूर परत धाडला असता. या वेळी लेखणीचे टोपण उघडले आणि पुन्हा लावून टाकले. कारण त्या मजकुरातली तुझ्या तिथल्या पंगतीची बातमी वाचून तुझी आजी देवापुढे साखर ठेवायला उठली होती, आणि मीही, गुडघे दुखत असताना, तिच्यामागे उभा राहिलो होतो.

तू गेलीस ती सहा महिन्यांसाठी. मुलुंडच्या रुग्णालयातली आहारतज्ज्ञाची नोकरी थांबवून, केनियातल्या त्या तळ्याकाठच्या शहरात, अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांच्या आश्रयगृहात सेवा करण्यासाठी. आता ते लोक म्हणतात की आणखी दोन वर्षे राहा आणि मुलांच्या जेवणाची सगळी व्यवस्था हाती घे. तू होकार कळवलास, त्या दिवसापासून तुझे वडील तुझ्या फोनवर आलेले नाहीत आणि या घरात दुसरा विषय नाही. चंद्रप्रकाश रोज जेवताना म्हणतो, "सहा महिने सांगून गेली ना? मग? तिकडची पोरं हिची कोण लागतात?" त्यावर तुझी आजी ताटावरून नजर न उचलता विचारते, "आणि ती तुझी कोण लागते रे? ते तरी फोन करून सांग तिला." मग तो आमटी अर्धी टाकून उठतो. तुझी आई रश्मी सासूकडे पाहते, सासू आमटीकडे.

तुला वाढायला मी शिकवले, याचा मला अभिमान आहे. आपल्या सोसायटीच्या गणपतीत महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा वाढप्यांचा म्होरक्या मीच असे. तू आठ वर्षांची असताना मी तुझ्या हाती प्रथम मीठ दिले, पुढल्या वर्षी कोशिंबीर, आणि दहावी झाल्यावर वरणाचे ओगराळे. नियमही सांगितला होता: पाहुण्याचे पहिले 'नको' ऐकू आले नाही असे वागावे, दुसऱ्याला हसावे आणि तिसऱ्याला अर्धे वाढावे. गिरगावातल्या आमच्या चाळीपासून ही रीत चालत आली आहे. आपल्याकडे पाहुण्याने पानावर आडवा हात धरायचा आणि यजमानाने बोटांच्या फटीतून वाढायचे, यातच दोघांचा मान असतो.

तीच रीत तू तिथे नेलीस. मुले ताटे हिसकावून कोपऱ्यात पळत होती, त्यांना तू ओळीने बसवलेस. शेवटचे ताट वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पाडलेस. तिथवर सगळे उत्तम होते. मग ती नऊ-दहा वर्षांची अकिन्यी आली, बसस्थानकावर झोपणारी. तिने ताटावर हात धरला आणि 'हपाना' म्हणाली, म्हणजे 'नको'. तू हसलीस, तिचा हात प्रेमाने बाजूला केलास आणि घेवड्याची उसळ वाढलीस. तिने ती सगळी खाल्ली, बाहेर जाऊन ओकली, आणि दुसऱ्या दिवसापासून पंगतीला आलीच नाही. मागच्या आंब्याखाली बसून राही. कोणी ताट नेले, तर कुंपणाकडे पळे.

त्या आठवड्यात तू फोनवर रडलीस. "आजोबा, माझी वाट लागलीये. मी परत येते." दुसऱ्या दिवशी तुझाच निरोप आला. त्यातली दोन वाक्ये मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. तू लिहिले होतेस: "आपल्या पाहुण्याला ठाऊक असतं, की नकोच असेल तर पान सोडून उठता येतं. हिचं 'नको' आजवर कोणी ऐकलेलंच नाही, आणि मीही त्यांच्यातलीच एक झाले." 'झाले' तू अचूक लिहिले होतेस.

पुढे जे केलेस, ते आमच्या पंगतीत कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तू मुलांना सांगितलेस की आजपासून जो 'नको' म्हणेल, त्याच्या ताटापासून वाढायचा डाव मागे जाईल. त्या दिवशी मुलांनी तुझी परीक्षाच घेतली. पहिला 'हपाना' म्हणाला, डाव मागे गेला. दुसरा म्हणाला, मागे गेला. मग सगळी ओळ हसत सुटली, हपाना, हपाना! पातेले भरलेले राहिले आणि पोरे उपाशी. बरोबरचे स्वयंसेवक तुला हसले. तू मात्र एकालाही समजावायला गेली नाहीस. थोड्या वेळाने पोटे बोलू लागली आणि ओळीच्या टोकाकडून पहिली हाक आली, की वाढा.

अकिन्यी आंब्याखालून पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती टोकाला येऊन बसली. 'हपाना' म्हणाली. तू पुढे गेलीस. पुन्हा बोलावून पुन्हा 'हपाना' म्हणाली. तू पुन्हा पुढे गेलीस. मग तिने ताट उचलून स्वतःहून पुढे केले.

आणि गेल्या आठवड्यातल्या तुझ्या चित्रफितीत तर डाव तिच्याच हातात आहे! साठ-सत्तर मुलांची ओळ, तू त्यांच्यात मांडी घालून बसलेली, आणि ही चिमुरडी कंबर कसून उसळ वाढते आहे. मी ते बारकाईने पाहिले. उजव्या हाताने वाढते, थेंब सांडत नाही, ताटात डोकावून अंदाज घेते. तू खोडी काढायला 'हपाना' म्हणालीस, तर तुझ्याकडे ढुंकूनही न पाहता पुढे गेली! तुझी आजी टाळ्या पिटत म्हणाली, "अगो बाय, ही तर तुझी पण आजी निघाली!" श्रुतिका, मी आयुष्यात शेकडो पंगती उठवल्या. अशी एकही उठवली नाही.

चंद्रप्रकाशने तेव्हा पाण्याचा घोट घेतला आणि "आवाज जरा मोठा करा" एवढेच म्हणाला. नंतर खोलीत जाऊन त्याने फोनवर तीच चित्रफीत पुन्हा लावली; दार पातळ असल्यामुळे आम्हाला ऐकू येत होते. परवा तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "बाबा, तिकीट काढलंय. तिला समजावून घेऊन येतो. तुमचं ऐकते ती. 'परत ये' असं लिहून द्या, मी नेतो." मी कागद घेतला. आज सकाळी आजी त्याच्या बॅगेत लाडवांचा डबा ठेवायला गेली, तो कपड्यांखाली मुलुंडच्या भांडी बाजारातली सहा नवी ओगराळी निघाली, लांब दांड्याची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती मला हाक मारून म्हणाली, "अहो, पोरीला परत आणायला जाणारा माणूस ओगराळी घेऊन जातो का?" आम्ही ती होती तशीच झाकून ठेवली. तेव्हा 'परत ये' हे शब्द मी लिहीत नाही. त्यालाही ते नको आहेत. हे वाचताना तो तुझ्यासमोर उभा असेल आणि विमानात जेवलो, भूक नाही, असे सांगेल. तुझा तिथला नियम त्याला लावू नकोस. तो आपल्या घरचा आहे. त्याला त्या मुलांच्या ओळीत बसव आणि बोटांच्या फटीतून वाढ.

तुझाच,
आजोबा