कॅमेऱ्याच्या दिव्यांसाठी

ती. आईस साष्टांग नमस्कार.

या सुट्टीत मी घरी येत नाही, एवढं सांगायला लिहिते आहे. तब्येत ठणठणीत आहे. तू रागावू नकोस, ते काम सध्या मी करते आहे.

परवा विद्यापीठाने आम्हा संशोधकांचा सत्कार केला. ‘आमची प्रेरणा’ नावाच्या फिल्मचं चित्रीकरण माझ्याच प्रयोगशाळेत झालं. कॅमेऱ्याच्या दिव्यांना पॉइंट मिळेना, म्हणून कुणीतरी फ्रीझरचा प्लग काढला आणि परत लावायला विसरला. आत रक्ताच्या नळ्या होत्या, ज्यांची बाळं झटके येऊन गेली त्या आयांच्या. सगळ्या वाया गेल्या.

विभागप्रमुख म्हणाले, “बाई, एवढं काय त्यात? सॅम्पल पुन्हा मिळतील.”

मी म्हटलं, “मिळतील हो. त्या बायकांपुढे पुन्हा हात पसरायला तुम्ही येता का?” तर घड्याळ बघायला लागले!

तू नेहमी विचारतेस, एवढं राबून तुला मिळतं काय? सुई टोचून घेताना एकीने मला विचारलं होतं, “माझं गेलं. आता बहिणीला दिवस गेलेत, तिचं वाचेल ना?” त्या ‘ना’चं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. उद्या पुन्हा रक्त मागायला सगळ्यात आधी तिच्याच दारात जायचं आहे.

गुडघ्याला तेल लावतेस ना? की मला बरं वाटावं म्हणून हो म्हणतेस?

तुझी,
धाकटी

ता. क. सत्काराचं सन्मानचिन्ह आणि चित्रीकरणवाले विसरून गेलेला एक्स्टेंशन बोर्ड आज विभागप्रमुखांच्या हातात दिला. पुढच्या चित्रीकरणासाठी प्रयोगशाळेची किल्ली मागत होते, ती दिली नाही.