निकूच्या अर्जाचं मागचं पान

धाराशिव

निकू,

हे पत्र मी टाकणार न्हाय, म्हणून खरं लिहिते.

मी लहान मुलींना शिकवते त्या आमच्या नृत्यशाळेत कथकसाठी शिक्षिका हवी होती. टपालही मीच बघते. तुझा पुण्याहून आलेला अर्ज मीच उघडला. वर तुझा हसरा फोटो, खाली ‘कथक विशारद, परदेशात तीन कार्यक्रम’. जत्राजत्रांतून तमाशात नाचून मी तुला शिकवलं, आणि आता तू इथं माझ्यावर मोठी बाई होऊन येणार? मी अर्ज कपाटात दडवला. तू फोनवर विचारलंस, “अक्का, अर्ज पोचला का गं?” मी म्हणाले, “न्हाय बाई.” मुदत संपली. इथल्याच वाशी तालुक्यातली एक मुलगी त्या जागी लागली.

काल अर्ज फाडायला काढला, तेव्हा मागचं पान पहिल्यांदा वाचलं. ‘पहिले गुरू’ या रकान्यात तू लिहिलंयस, ‘माझी थोरली बहीण शकुंतला. तमाशाच्या फडात अठरा वर्षं नाचली.’

मी इथं फडाचं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या कागदात ‘घरीच शिकले’ एवढंच आहे.

अर्ज घेऊन संचालकबाईंकडं गेले. म्हणाले, “ही माझी बहीण. अर्ज मी दडवला. आणि मी फडातली आहे.”

बाई लई रागावल्या. मग पुन्हा ते पान वाचून म्हणाल्या, “ती जागा गेली. पण लावणी शिकवायला आपण बाहेर माणूस शोधतोय, आणि तुम्ही गप्प बसलात?”

सोमवारपासून लावणीचा वर्ग माझ्याकडं आहे. ही बातमी सगळ्यांत आधी तुला सांगावीशी वाटली, आणि तुलाच सांगता येत न्हाय.

तुझीच,
शकुअक्का