हजार कोसांवरचं पाहणारा

२ एप्रिल, बुधवार
ऐतिहासिक दिवस. देवळाच्या कमिटीचे को काका माझ्या स्कूटर रिपेअरच्या दुकानात स्वतः आले. समुद्रदेवी माझूच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत तिच्यापुढे दोन सेनापतींचे दहा फुटी पुतळे चालतात. पहिला हजार कोसांवरचं पाहतो, दुसरा हजार कोसांवरचं ऐकतो. पाहणाऱ्याच्या पोटात शिरून त्याला चालवणाऱ्या माणसाचे गुडघे गेले. मला विचारलं. सतरा वर्षं हे काम बाबा करत होते. बाबांनंतर मी वाटच बघत होतो. हो म्हणताना आवाज कापला, पण त्यांना तो कम्प्रेसरचा वाटला असावा.
अडचण एकच. माझा चष्मा, नंबर उणे आठ. आत घामाने घसरणार. बेंबीच्या जागी वीतभर जाळी आहे, तीतूनच बाहेर बघायचं असतं.
निर्णय: कॉन्टॅक्ट लेन्स. बायको (युए-चिन) म्हणाली, अहो, तुम्हाला चष्मा लावून चष्मा शोधायची सवय, लेन्स कुठे शोधाल? दुर्लक्ष केलं.

३ एप्रिल
चष्म्याच्या दुकानातल्या मिस शूने तासभर शिकवलं. हात साबणाने धुवा, कोरडे करा, लेन्सला पाणी लावू नका, घालून झोपू नका, रोज नवी जोडी, डोळा लाल झाला तर लगेच काढा. छापील कागदही देत होती. मी म्हटलं, मला एकदा ऐकलं की पुरे.
रोज नवी जोडी म्हणजे कमालच. चांगली वस्तू एका दिवसात कोण टाकतं? स्पार्क प्लगसुद्धा घासून चालतो. एक जोडी आठवडाभर वापरायचं ठरवलं.
घालायला ४७ मिनिटं. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम.

४ एप्रिल
पूर्वजांच्या कबरी साफ करायचा दिवस. लेन्स घालून सगळ्यांच्या पुढे गेलो, लांबूनच नाव वाचलं, गवत कापलं, फळं मांडली, सगळ्या कुटुंबाला तीनदा वाकायला लावलं. मागून चेन नावाचं एक कुटुंब आलं आणि आमचे फार आभार मानू लागलं. कबर त्यांच्या आजोबांची होती.
दोष लेन्सचा नाही. अक्षरं झिजली आहेत.
बायको म्हणते, तुमचे बाबा वरच्या ओळीत बसून बघत असतील. बाबांच्या कबरीचं उरलेल्या दोन संत्र्यांवर भागवलं. वाईट वाटलं.

७ एप्रिल
हात धुण्याची शिस्त लागली. आधी पेट्रोल, मग फडकं. साबण दुपारच्या जेवणाआधी.
डोळे चुरचुरतात. याचा अर्थ लेन्स काम करते आहे.

९ एप्रिल
देवळाच्या अंगणात पहिला सराव. दुसरा सेनापती, ऐकणारा, अ-क्वान चालवतो. तो कानाने ठार बहिरा आहे, पण खांदे बैलाचे आणि कमिटीत मेहुणा. मी डौलात हात झुलवले. को काकांची टोपी गेली. ते म्हणाले, तिएन-शुई, मी इथे उभा आहे, दिसत नाही का? दिसत होते, पण खांब म्हणून.
घरी आल्यावर उजवी लेन्स सापडली नाही. पडली असणार. नवी घातली.

१२ एप्रिल
दुपारी नूडल्स खाऊन डुलकी लागली, लेन्ससकट. उठलो तर पापण्या चिकटलेल्या. बायकोने ओल्या रुमालाने सोडवल्या आणि विचारलं की त्या मुलीने काय सांगितलं होतं? मी म्हटलं, महत्त्वाचं तेवढं लक्षात आहे.
काढलेल्या लेन्स सॉसच्या बशीत ठेवल्या. बशी धुतलेली होती. बहुतेक.

१५ एप्रिल
दोन्ही डोळे लाल, उजवा जास्त. गिऱ्हाइकं घाबरतात. सेनापतीचे डोळे लालच रंगवलेले असतात, हे त्यांना कोण सांगणार.
लेन्सचं औषधी पाणी संपलं. देवळातून अंगाऱ्याचं पाणी आणलं. पोटदुखीपासून परीक्षेपर्यंत सगळ्याला चालतं. लेन्स रात्रभर त्यात ठेवल्या. तळाशी थोडी राख.
मिस शूचा फोन आला, कसं चाललंय विचारायला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, काका, लेन्स आत्ताच्या आत्ता काढा आणि आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, डोळा जाईल. तरुण पोरगी, घाबरट.

१७ एप्रिल
युए-चिननेही डॉक्टर म्हटलं. मी म्हटलं, डॉक्टर बंदी घालेल आणि काम अ-क्वानच्या मेहुण्याकडे जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, मला आंधळा सेनापती नको आणि आंधळा नवरा तर नकोच. हे एक काम मला आयुष्यात करायचं होतं. तिला ते माहीत आहे, म्हणून तिने हट्ट सोडला.

२० एप्रिल, सकाळी ५.४०
मिरवणूक. उजवा डोळा उघडत नाही. डावा अर्धा. पुतळ्याच्या पोटात माझे डोळे कोण बघणार? लेन्स घातल्या. ओरडलो नाही.

२० एप्रिल, संध्याकाळी, हॉस्पिटल
युए-चिन लिहून घेते आहे. मी सांगतो.
सुरुवात अप्रतिम. फटाक्यांचा धूर होता, सगळ्यांनाच कमी दिसत होतं. औषधांच्या दुकानाशी उजवीकडे वळायचं. मला डावीकडे लाल कमान दिसली, स्वागताची. तिकडे वळलो. अ-क्वान माझ्यामागे. ढोल-झांजा त्याच्यामागे. मागून को काका ओरडत होते, पण मला ते कौतुक वाटलं आणि अ-क्वानला काहीच वाटलं नाही.
कमान म्हणजे मत्स्यतळ्याच्या पंपावरची लाल ताडपत्री होती. तळं अ-क्वानचंच. देव आपलं तळं पवित्र करायला निघाला या आनंदात तो बिचारा रडत होता. मी कमरेपर्यंत पाण्यात गेल्यावर थांबलो. देवीची पालखी चौकात अर्धा तास एकटी उभी होती.
(बायको: पाऊण तास.)
डॉक्टरने उजव्या डोळ्यातून दोन लेन्स काढल्या. एक ९ तारखेची. बुबुळावर जखम आहे. अजून दोन दिवस थांबला असतात तर डोळा गेला असता, म्हणाला. लेन्स कायमची बंद. मी भ्यालो. हे लिहू नको म्हटलं, तिने लिहिलं.

२६ एप्रिल
उजव्या डोळ्यावर पट्टी, त्यावरून चष्मा. कमिटी बसली. पुढच्या वर्षी सेनापती कोण चालवणार, हे देवीलाच विचारायचं ठरलं. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या: एक पालथी, एक उताणी म्हणजे होकार, दोन्ही पालथ्या म्हणजे नकार, दोन्ही उताण्या म्हणजे देवी हसली, परत विचारा.
को काकांनी विचारलं, लियाओ तिएन-शुई चालेल का?
देवी हसली.
परत विचारलं. हसली. मी म्हटलं, नकार तर नाही ना? तिसऱ्यांदा टाकल्या. दोन्ही उताण्या, एक तर गोल गोल फिरत राहिली. तोवर कमिटीही हसायला लागली होती. अ-क्वानसुद्धा, बघून बघून.
अ-क्वानच्या मेहुण्याला स्पष्ट नकार. मग कोणीतरी म्हणालं, युए-चिनचं नाव घेऊन बघा, मासळीबाजारात कालवांची पोती रोज तीच उचलते. सलग तीन होकार.
घरी येताना मी म्हटलं, वर्ष आहे हातात, तुला वळणं, खड्डे, सगळं नीट शिकवतो, आधी मी चालून दाखवीन.
ती म्हणाली, वाट मला ठाऊक आहे. तुम्ही नुसते माझ्यामागून या.